एकट्या आवाजाला पाणी लागत नाही

संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, जयसिंगपूरच्या नाट्यगृहात, शाहीर निवृत्ती मगदूम गाता गाता गप्प झाले. त्यांचा आवाज गातच राहिला.

सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगेत पाहुणे, मागे कॉलेजची मुलं, मधल्या वाटेवर भाषांतराचे चष्मे लावलेले दोन परदेशी अभ्यासक. यांच्यापैकी कुणालाही काही कळलं नाही. पुराचा पोवाडा रंगात आला होता आणि त्या कडव्याला शाहिरांनी नेहमीप्रमाणे डफ तोंडासमोर उचलून धरला होता, पाठ अर्धी वळवली होती. शब्द असे होते:

उंबऱ्यापाशी आलं पाणी, म्हणालं, येऊ का घरात?
चुलीजवळ बसलं पाणी, शेक ना उरला जाळात.
जात्यामध्ये फिरलं पाणी, दळला नाही दाणा,
देव्हाऱ्याशी थांबलं पाणी, देव म्हणाला, ये ना!

‘जात्यामध्ये फिरलं पाणी’ इथपर्यंत शाहीर स्वतः गायले. त्यापुढचं, देवाच्या ‘ये ना’पर्यंतचं सगळं, त्यांच्याच खर्जात, त्यांच्याच फिरतीत, ओळीच्या शेवटी येणाऱ्या त्यांच्या ओळखीच्या खरखरीसकट स्पीकरमधून आलं. ते त्यांनी म्हटलेलं नव्हतं. पुढचं कडवं त्यांनी पुन्हा स्वतः उचललं, ठेक्यात, बिनचूक.

हे दोघांनाच कळलं. एक विनता कुरणे. ती सभागृहाच्या मागच्या टोकाला ध्वनियंत्रणेच्या टेबलापाशी बसली होती. दुसरे तिचे वडील गणपती कुरणे, शाहिरांचे झीलकरी. ते शाहिरांच्या अर्धं पाऊल मागे उभे होते. तीस वर्षं त्यांची जागा तीच होती.

विनताला आधी कानांनी कळलं, डोळ्यांनी नंतर. शाहिरांच्या आवाजाला लावलेलं ‘पाणी’ अचानक उतरलं. आवाज तसाच, पण सपाट, कोरडा. तिने समोरच्या पडद्यावर पाहिलं. शाहिरांच्या गळ्यावरच्या पट्टीकडून येणारी हिरवी रेघ सरळ आडवी झाली होती.

हे पाणी काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं.

१९८८ साली, पंचविशीत, शाहिरांनी कोल्हापुरात पहिली कॅसेट काढली. ध्वनिमुद्रण करणारा माणूस हौशी होता. पुराचं कडवं आलं तेव्हा तो म्हणाला, थांबा, जरा गंमत करू. त्याने एकच गाणं दोन टेपयंत्रांवर एकाच वेळी लावलं आणि एका यंत्राच्या फिरत्या चकतीच्या कडेवर अंगठा टेकवला. चकती केसभर मंदावली. दोन्ही आवाज एकच, पण एक दुसऱ्याच्या किंचित मागे. असं झालं की आवाजातल्या काही कंपनांची बेरीज होते आणि काहींची वजाबाकी. आवाजात जागोजागी खाचा पडतात, कंगव्याच्या दातांमधल्या फटींसारख्या. अंगठ्याचा दाब बदलला की मागेपण बदलतं आणि त्या खाचा वरखाली सरकू लागतात. कानाला वाटतं, आवाजातून काहीतरी वाहत गेलं. मग त्याने अंगठा उचलून दुसऱ्या चकतीवर ठेवला. मागचा आवाज पुढच्याला गाठू लागला, क्षणभर दोन्ही एक झाले आणि मागचा पुढे निघून गेला. त्या गाठण्याच्या क्षणी खोलीतल्या साऱ्यांच्या अंगावर काटा आला, असं शाहीर अजून सांगतात. “आवाजाला पाणी लावलं गड्यानं,” ते म्हणाले होते. त्यांच्या फडात तेव्हापासून हाच शब्द रुजला.

पुढे चकत्या गेल्या, कॅसेट गेल्या. अंगठ्याचं काम विजेवर आलं. आधी अशा चिपा निघाल्या ज्या आवाजाचे तुकडे रांगेतल्या माणसांनी विहिरीच्या बादल्या हातोहात द्याव्यात तसे पुढे पुढे देत. रांग जितकी लांब, तितका आवाज मागे. मग संगणकाने तेच आकड्यांत केलं. नक्कल उत्तम जमली. फक्त एक गोष्ट प्रत्यक्ष मंचावर जमेना. मुद्रित गाण्यात दोन्ही आवाज आधीच हातात असतात, कुणालाही पुढे काढता येतं. जिवंत गायकाची प्रत त्याच्या मागेच चालणार, कारण जे अजून गायलंच गेलेलं नाही त्याची प्रत आणायची कुठून? मूळ आवाजच थोडा अडवून धरायचा, ही एक युक्ती होती. पण कानात बसवलेल्या बटणातून स्वतःचा आवाज असा उशिरा ऐकू आला की शाहिरांचा ठेका घसरायचा. “कुणीतरी माझी चप्पल घालून माझ्या मागनं चालतंय,” असं म्हणून त्यांनी बटण काढून फेकलं होतं.

२०३४ साली हा पेच सुटला. आवाज गळ्यातून निघण्याच्या किंचित आधी गळ्याचे स्नायू ताणले जातात आणि त्यांना ताणणारी वीज त्याच्याही आधी धावते. गळ्याला बांधलेली एक पातळ पट्टी ती वीज टिपते. माणसाची जुनी सगळी गाणी ऐकून तयार झालेलं यंत्र त्यावरून पुढचा स्वर कोणता येणार हे ओळखतं आणि तो मुखातून येण्याच्या आधी वाजवतं. आघाडी अगदी थोडी, सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकी. पण तेवढीच हवी होती. आता मंचावरसुद्धा प्रत मागून येऊन मुळाला गाठू शकत होती आणि ओलांडून पुढे जाऊ शकत होती. विनताने ते यंत्र शाहिरांना पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा एकाहत्तर वर्षांचा तो माणूस लहान पोरासारखा टाळ्या पिटत म्हणाला होता, “त्यो अंगठा परत आला की गं!” फेकलेलं बटणही त्यांनी मग पुन्हा कानात घालू दिलं.

यंत्रात एक ‘सांधा’ नावाची सोय होती. घामाने पट्टी सरकली आणि खूण तुटली, तर यंत्र तेवढी फट स्वतःच्या अंदाजाने भरून काढी. कंपनीने त्याला अर्ध्या सेकंदाची मर्यादा घातली होती. गडहिंग्लजच्या तालमीत पट्टी सारखी सरकू लागली, दर खेपेला स्पीकरमध्ये कचकच होऊ लागली. विनताने वैतागून ती मर्यादा काढून टाकली. अशा मर्यादा का घालतात याचा विचार करायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती. गळा स्वतःच गप्प झाला, तरी यंत्राला ती तुटलेली खूणच वाटणार होती.

पोवाड्यात शाहीर ओळ म्हणतो आणि ती संपता संपता झीलकरी तिचं शेपूट उचलून ‘जी जी रं जी’ करत वर नेतो. तेवढ्यात शाहिराला श्वास घ्यायला मिळतो. झील नेमकी कधी घ्यायची हे गणपती कुरण्यांनी कधी ओळीवरून ठरवलं नाही. ते शाहिरांच्या उजव्या खांद्याकडे बघत. श्वास सरला की खांदा पडतो. खांदा पडला की झील. जयसिंगपूरला देव ‘ये ना’ म्हणाला तेव्हा खांदा पडलाच नाही. श्वास वापरलाच गेला नव्हता, तो सरणार कसा? झील आली नाही. नुसती ढोलकी वाजत राहिली. सगळ्या सभागृहाला मोठं भोक पडल्यासारखं ते ऐकू आलं.

पडदा पडल्यावर शाहीर फेटा सोडता सोडताच कडाडले.

“गणपा, उभ्या उभ्या डोळा लागला व्हता काय रं?”

“चुकलं, शाहीर.”

“तीस वर्सात झील सोडली न्हाईस. आन् आज पुढं पावणे बसल्यात, तर आजच?”

“चुकलं म्हणालो की.”

विनता वायर गुंडाळत होती. तिचा हात तसाच राहिला. तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे न बघता नुसतं बोट हलवलं, ‘गप’ म्हणून.

इचलकरंजीला परतताना टेम्पोत बापलेक दोघंच होती. टेम्पो स्वतःचा स्वतः चालत होता; तरी तात्या सवयीने समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून बसले होते.

“तात्या, अण्णा गाताना मध्येच थांबले होते.”

“ठावं हाय.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? गळा गातोय आन् खांदा गप. मला वाटलं, माझंच डोळं गेलं. मग बोटांकडं बघितलं. डफावरची बोटं बी गप. चित्रातला माणूस उभा करावा तसा उभा व्हता.”

“किती वेळा झालंय असं? याआधी?”

“परवापरवापतूर यंत्र नव्हतं. झालं असतं तर सगळ्यांनाच कळलं असतं.”

ते खरं होतं. यंत्र आल्यापासूनचे कार्यक्रम सात-आठच झाले होते. विनताने मनातल्या मनात एकेक आठवून पाहिला. कुठेतरी पाणी असं उतरलं होतं का? आठवेना. तिला फक्त यंत्रामागचं साधं तत्त्व आठवत राहिलं. दोन आवाज असले तरच खाचा पडतात. एकट्या आवाजाला पाणी लागत नाही.

“अण्णांना सांगायला हवं,” ती म्हणाली.

“सांग. मग डफ कुणाकडं द्यायचा ते बी इचारून ये.”

हा टोमणा नव्हता. शाहिरांचे वस्ताद म्हातारपणी मंचावर ओळ विसरले होते आणि लोकांनी त्यांना सांभाळून घ्यायला टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या ऐकून निवृत्ती मगदूम विंगेत रडले होते. त्यानंतर त्यांनी भर सभेत सांगून टाकलं होतं की ज्या दिवशी माझी ओळ सुटेल, त्या दिवशी डफ खाली ठेवीन, मला भिकेच्या टाळ्या नकोत. आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द. मुलीच्या लग्नात जावयाच्या मामाशी अबोला धरला, तो मामा वारला तरी सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या कडव्याची चित्रफीत गावोगाव फिरली. खाली लोकांनी लिहिलं होतं: शाहिरांचा गळा बघा, सत्तरी उलटली तरी धबधबा! आणि त्याखाली: झीलकऱ्याला आता घरी बसवा. पुढचा कार्यक्रम कुरुंदवाडचा होता. तिथल्या संयोजकाचा विनताला फोन आला.

“मॅडम, रागावू नका, पण यंत्रालाच झील द्या की. एवढं भारी यंत्र हाय. एक माणूस कमी, तेवढीच गाडीत जागा.”

“तो माणूस माझा बाप आहे.”

“अरे देवा! मला काय ठाऊक? मग... मग त्यांना पुढं खुर्चीत बसवू. सत्कार करू.”

तिने फोन ठेवला. तात्या अंगणात झाडांना पाणी घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मी लिहिते,” विनता म्हणाली. “खरं काय ते लिहिते. झील चुकली नाही, ओळच गायली गेली नव्हती. पट्टीची रेघ आहे माझ्याकडे.”

“आन् शाहिराला बसव घरी.”

“म्हणून तुम्ही शिव्या खाणार?”

“पोरी, पोस्टरवर माझं नाव किती मोठं असतंय? भिंगातनं बघावं लागतंय. एवढ्या बारीक अक्षराला चिखल लागला तर कुणाला दिसतंय?” ते हसले; पण झारी एकाच झाडावर रिकामी झाली, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

विनताने ठरवलं की लिहायच्या आधी शाहिरांना भेटायचं. बुधवारी सकाळी ती शिरोळला त्यांच्या घरी गेली. शाहिरांच्या पत्नी शेवंताकाकी सोप्यात लसूण सोलत बसल्या होत्या.

“अण्णा बरे आहेत ना काकी? म्हणजे... कधी बोलता बोलता थांबतात, असं काही?”

काकींनी एक पाकळी सोलून परातीत टाकली. “परवा दुधापुढं उभं केलं व्हतं. दूध उतू गेलं, गॅस इझला, हे तसंच बघत उभं. हाक मारली तर ओ न्हाई.”

“कधीपासून?”

“लग्नापासनं,” काकी म्हणाल्या. “ओळ सुचाय लागली की ह्या माणसाला घर जळलं तरी कळत न्हाई. आता ती ओळ सुचत व्हती का आनि काय, ते मला कसं कळावं?”

शाहीर आतून आले, बाजेवर बसले. विनताने प्रस्तावना केली नाही. कडवं ऐकवलं, मग पट्टीची रेघ दाखवली. इथे तुमचा गळा गप्प आहे अण्णा. इथून इथपर्यंत. हे यंत्र गायलंय.

शाहिरांनी पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं.

“हे मी न्हाई?”

“नाही.”

“बेस गायलंय.” ते थोडा वेळ बोटांनी बाजेच्या लाकडावर ठेका धरत राहिले. मग म्हणाले, “मला ठाऊक व्हतं.”

“काय?”

“मी थांबलोय ते. मीच थांबलो. जाणून.”

“का?”

“ऐकाया. तू ते बटण कानात घालतीस. माझा आवाज माझ्या आधी येतोय त्यातनं. पयल्यांदा वाटायचं, मी म्हणतोय आन् ते माझ्यासंगं म्हणतंय. मग हळूहळू वाटाय लागलं, ते म्हणतंय आन् मी त्याच्या मागनं जातोय. उभा जलम पुढं चाललेला माणूस मी, माझाच झीलकरी झालो! म्हटलं, एकदा थांबून बघावं. कोण थांबतंय बघू, ते का मी.”

विनताला हायसं वाटलं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण शाहीरही मोकळे हसले. तिला हे पटण्यासारखंही होतं. बटणात आघाडी एवढी थोडी की ती ऐकू येत नाही, फक्त जाणवते. आणि ज्याला जाणवते त्याला आपण ढकलले जातोय की ओढले जातोय, हे ठरवता येत नाही. तिने स्वतः पट्टी बांधून दोन ओळी म्हणून पाहिल्या होत्या तेव्हा तिलाही तसंच झालं होतं. गळा आपोआप ढिला पडतो. कशाला कष्ट घ्या, पुढे कुणीतरी चाललंय.

ती उठली, चप्पल पायात घातली आणि तिथेच थबकली.

“अण्णा, मग तात्यांना का ओरडलात?”

शाहिरांनी वर पाहिलं.

“तुम्ही जाणून थांबला होतात, तर झील का आली नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. मग ‘डोळा लागला होता काय’ असं का विचारलंत?”

शेवंताकाकी मान खाली घालून लसूण सोलत राहिल्या.

“चहा घेऊन जा,” शाहीर म्हणाले.

“नको अण्णा. मिरजेला मेंदूचे डॉक्टर आहेत. एकदा दाखवू या.”

“कुरुंदवाड होऊ दे.”

“लोक तात्यांना नावं ठेवतायत. मला खरं लिहायचंय.”

“लिव्ह की.” आवाजात राग नव्हता. “काय लिवशील? शाहीर थांबला, का शाहीर इसरला? दोन्हीतलं एकच खरं असणार. तुझ्या त्या रेघंला ठाऊक हाय कुठलं?”

रेघेला ठाऊक नव्हतं. रेघ एवढंच सांगत होती की गळा गप्प होता. का गप्प होता, हे टिपणारी पट्टी अजून निघायची होती. विनता बातमीदार असती तर तिला एवढंच लिहिता आलं असतं की अमुक वेळी शाहीर गायले नाहीत, आणि वाचणाऱ्याने त्यातून हवा तो अर्थ काढला असता. हवा तो म्हणजे वाईट तो. ती फाटकापर्यंत गेली तेव्हा शाहिरांनी मागून हाक मारली.

“विनता! कुरुंदवाडला पट्टी नको. बटण बी नको. बघू कोण थांबतंय.”

कुरुंदवाडचा कार्यक्रम शनिवारी, उन्हं कलताना, नदीकाठच्या मैदानात झाला. संयोजकाने खरोखरच पहिल्या रांगेत एक सजवलेली खुर्ची ठेवली होती. तात्यांनी ती बघितली, तिच्यावर आपली पिशवी ठेवली आणि मंचावर जाऊन उभे राहिले. अर्धं पाऊल मागे.

विनताने पट्टी पेटीत ठेवून पेटी बंद केली. पाणी लावलं ते जुन्या पद्धतीचं, नुसतं मागून येणारं. शाहिरांचा गळा तापलेला होता. नदी समोरच वाहत असल्यामुळे असेल, पण पुराचा पोवाडा सुरू झाला तेव्हा मैदान असं शांत झालं की पलीकडच्या काठावरचा पंप ऐकू येऊ लागला. उंबऱ्यापाशी पाणी आलं. खांदा पडला, झील आली. चुलीजवळ पाणी बसलं. खांदा पडला, झील आली. विनताचे दोन्ही हात टेबलावर होते आणि त्या हातांना करण्यासारखं काहीही नव्हतं. बिघाडाची भीती तिला नवी नव्हती. बिघाड झाला तर दाबायला आपल्याकडे कळ नाही, हे मात्र तिने पहिल्यांदाच अनुभवलं.

शाहिरांनी डफ तोंडासमोर उचलला. पाठ अर्धी वळवली.

“जात्यामध्ये फिरलं पाणी, दळला नाही दाणा...”

पुढच्या ओळीआधी झील नसते, एक छोटीशी फट असते. ढोलकी तिथे दोन बोल घेते. ते दोन बोल वाजले.

आणि गणपती कुरणे पुढे आले. अर्धं पाऊल नव्हे, चांगलं एक पाऊल. शाहिरांच्या बरोबरीने, किंबहुना काकणभर पुढे. झीलकऱ्याने शाहिराच्या पुढे जायचं नसतं. ‘झील पुढं आन् फड मागं’ अशी त्यांच्यात म्हणच आहे. नवख्या पोराने असं केलं तर त्याला मंचावरून उतरवतात. तात्यांनी मान वर केली आणि “देव्हाऱ्याशी” हा शब्द उचलला. पहिलं अक्षर त्यांचं होतं, हे मैदानातल्या शेवटच्या माणसालाही कळलं. त्या शब्दात कुठेतरी शाहिरांचा आवाज आला. ‘थांबलं’ला दोन्ही आवाज एकत्र होते. ‘पाणी’ला शाहीर पुढे होते, तात्या मागे. ‘ये ना’ म्हणताना शाहिरांनी डफ खाली घेतला, लोकांकडे तोंड केलं, खांदा पडला आणि झील आली, आपल्या जागेवरून.

लोकांना वाटलं, नवी बांधणी आहे. टाळ्या पडल्या. त्या भिकेच्या नव्हत्या, एवढं नक्की.

कार्यक्रम संपल्यावर विनता मंचामागे जाऊन उभी राहिली. शाहीर आता कडाडणार, याची ती वाट बघत होती. झील सुटली म्हणून ते ओरडले होते. झील पुढे गेली हा तर दसपट मोठा गुन्हा होता. शाहिरांनी फेटा सोडला. घडी घातली. तात्यांकडे पाहिलं.

“गणपा, चहा सांगितलास का?”

“सांगितला.”

“साखर कमी?”

“तुमच्यात कमी. माझ्यात हाय तेवढी.”

एवढंच.

रविवारी विनताने ध्वनिमुद्रण उघडलं. ‘देव्हाऱ्याशी’ या शब्दात शाहीर कधी आले हे तिला काढायचं होतं. पहिल्या अक्षराबरोबर आले असतील, तर त्यांना ओळ ठाऊक होती आणि तात्यांनी उगाच घाई केली. शब्द संपता संपता आले असतील, तर ते तात्यांच्या मागून आले. काम सोपं वाटलं होतं. पण तात्या इतके जवळ आले होते की शाहिरांच्या माइकमध्येही त्यांचाच आवाज भरला होता, आणि तीस वर्षं एकमेकांच्या मागेपुढे गाऊन दोघांच्या फेकीत फारसा फरक उरलेला नव्हता. यंत्राने शब्दाच्या सुरुवातीचे आवाज वेगळे करून दिले, पण खाली टीप टाकली: खात्री देता येत नाही. शाहिरांच्या गळ्यात त्या क्षणी वीज धावली का, हे फक्त पट्टीला सांगता आलं असतं.

तिने तात्यांना विचारलं. ते दाढी करत होते.

“तात्या, खरं सांगा. खांदा काय म्हणत होता?”

“मी पुढं गेल्तो. पुढं गेल्यावर मागचा खांदा दिसतोय व्हय?”

“पण पुढे जायच्या आधी? पुढे का गेलात?”

तात्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला, झटकला. आरशातून तिच्याकडे पाहिलं.

“गेलो,” ते म्हणाले.

आणखी एक गोष्ट तिने कुणाला सांगितलेली नाही. ‘थांबलं’ या शब्दाला, दोन्ही आवाज एकत्र असताना, तिला पाणी ऐकू आलं होतं. यंत्राचं ते मागून येणारं नव्हे. गाठून पुढे जाणारं, अंगठ्याचं. दोन वेगळ्या गळ्यांतून ते येऊ शकत नाही. त्याला एकाच आवाजाच्या दोन प्रती लागतात, हे ती स्वतः शिकवते. मुद्रणात तिने ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. कधी आहे असं वाटतं, कधी नाही.

ताजी माहिती एवढी आहे. मिरजेच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. शाहीर ‘बघू’ म्हणाले आहेत. तात्यांबद्दल लोकांनी लिहिलेलं अजून पुसलं गेलेलं नाही आणि विनतानेही त्याखाली काही लिहिलेलं नाही. गडहिंग्लजच्या पुढच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर झीलकरी म्हणून गणपती कुरणे हेच नाव आहे, बारीक अक्षरात. सांध्याची मर्यादा तिने पुन्हा अर्ध्या सेकंदावर आणून ठेवली आहे आणि पट्टी धुऊन, चार्ज करून पेटीत ठेवली आहे. बुधवारी सकाळपर्यंत शाहिरांनी ती मागितलेली नव्हती. नको, असंही म्हटलेलं नव्हतं.